गिअर उशिरा पडतो तेव्हा

व्यापारी मनुष्याचा कान एका बाबतीत फार तिखट असतो. जे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे महिन्याच्या पाच तारखेस पैसे आणून देत आले, ते एखाद्या महिन्यात आठ तारखेस आले तर आपण तोंडाने काही बोलत नाही. पण खतावणीत त्याच्या नावापुढे मनातल्या मनात एक खूण करून ठेवतो. तीन दिवसांचा विलंब म्हणजे बुडीत खाते नव्हे, हे आपणांस ठाऊक असते. तथापि खाते बुडू लागते ते अशाच तीन दिवसांपासून, हेही ठाऊक असते. पेढीवर बसून इतकी सावधगिरी बाळगणारे आम्ही, घरच्या मोटारीने तीन सेकंदांचा विलंब लावला तेव्हा मात्र बेसावध राहिलो. त्या बेसावधपणाची जी किंमत आम्हांस मोजावी लागली, तिचा हिशेब सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली खूण

आमची कडधान्याची पेढी बेळगावात आणि गिऱ्हाइके बरीचशी साखळी, डिचोली, म्हापसे या बाजूस. त्यामुळे जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ल्याचा घाट हा रस्ता आमच्या घरातील लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. डाव्या गुडघ्याचे दुखणे वाढल्यावर क्लच दाबणे कठीण झाले, म्हणून २०१६ साली आम्ही ऑटोमॅटिक गिअरची एक मोठी एसयूव्ही घेतली. विकणाऱ्याने त्या वेळी सांगितले होते की, या गिअरबॉक्सातील तेल गाडीच्या आयुष्यभर बदलावे लागत नाही. फुकटची सवलत कोणास नको असते? आम्ही ते वाक्य निमूटपणे पदरात बांधून घेतले.

सन २०२२च्या डिसेंबरातील एका थंड सकाळी आमच्या चिरंजीवांनी गाडी पोर्चमधून मागे काढण्यासाठी दांडी ‘आर’वर नेली. इंजिन चालू, ब्रेक सोडलेला, आणि गाडी मात्र जागच्या जागी. एक, दोन, तीन असे अंक मोजावेत इतका वेळ गेला आणि मग एकदम हिसका बसून ती मागे निघाली. चिरंजीव म्हणाले, “अप्पा, गिअर पडायला वेळ लागतोय.” आम्ही वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, “थंडी आहे. इंजिन जरा तापू दे.”

त्याच सुमारास सौभाग्यवतींनी आणखी एक तक्रार केली होती. पोर्चच्या फरशीवर गाडीखाली रोज एक तांबूस डाग पडतो. घासून काढला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आम्ही ‘ए.सी.चे पाणी असेल’ असे उत्तर दिले. पाणी तांबडे नसते आणि डिसेंबरात ए.सी. कोणी लावीत नाही, हे त्यांनी आम्हांस ऐकविले. आम्ही ते हसण्यावारी नेले. म्हणजे गाडीने एकाच महिन्यात आम्हांस दोन नोटिसा दिल्या होत्या, एक सेकंदांत मोजलेली आणि दुसरी फरशीवर लिहिलेली; आणि आम्ही दोन्ही परत पाठविल्या.

गाडीच्या पोटात काय चालते

हा विलंब कशाचा असतो हे समजण्यासाठी यंत्राची थोडी ओळख हवी. साध्या गाडीत चालकाचा पाय क्लच दाबतो आणि हात गिअर टाकतो. ऑटोमॅटिक गाडीत ही दोन्ही कामे तेल करते. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू करावा म्हणजे त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. तसेच इंजिनाच्या जोराने एक चक्र तेल फेकते आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचे चक्र फिरते. या भागास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. मूळ कल्पना हेरमान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअराची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हे, तर जहाजांसाठी. मोटारीत पूर्णपणे आपोआप गिअर बदलणारी आणि मोठ्या संख्येने खपलेली पहिली यंत्रणा म्हणजे जनरल मोटर्सची ‘हायड्रामॅटिक’. ती १९३९ साली जाहीर झाली आणि १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून बाजारात आली.

कन्व्हर्टरच्या मागे गिअरांचे संच असतात. मधल्या दातेरी चक्राभोवती लहान चक्रे सूर्याभोवतीच्या ग्रहांप्रमाणे फिरतात. यांपैकी कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे, यावर गाडी पुढे जाणार की मागे, हळू की वेगाने, हे ठरते. धरण्याचे काम क्लचच्या चकत्या करतात. चकत्यांच्या मागे एक दट्ट्या असतो. त्याच्यामागे दाबाखालील तेल भरले की तो पुढे सरकतो, चकत्या एकमेकींवर आवळतो आणि गिअर पडतो. तेलाला दाब देणारा पंप इंजिनाबरोबर फिरतो. ते कोणत्या वाटेने न्यायचे हे ठरविणारी झडपांची एक पेटी असते. मळ्यातील पाटाचे पाणी दारे उघडझाप करून वाफ्यावाफ्यांत सोडावे, तसे ती तेल सोडते. आजच्या गाड्यांत या दारांवर विजेच्या कळी आणि त्यांच्यावर एक लहान संगणक बसलेला असतो.

म्हणजे आपण दांडी ‘डी’ किंवा ‘आर’वर नेली की तेल निघते, वाट काढते, दट्ट्यामागील पोकळी भरते आणि चकत्या आवळते. निरोगी गाडीत या साऱ्या प्रवासास सुमारे एक सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. दोन सेकंदांहून अधिक वेळ नेहमीच लागू लागला, तर तेल कमी आहे, त्याला दाब नाही, किंवा ते वाटेत कोठेतरी गळत आहे, असे समजावे.

तेलाचा विषय निघाला म्हणून आपल्या समाजास विचार करावयास लावणारी एक गोष्ट येथे सांगतो. या तेलात चकत्यांची पकड मऊ आणि एकसारखी राहावी म्हणून पूर्वी एक विशेष द्रव्य मिसळीत असत. ते स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल होते. आपल्या घरातील मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्यांस कल्पनाही येणार नाही की, परदेशातील लक्षावधी मोटारींच्या पोटात एका महाकाय जीवाच्या हत्येचे फळ फिरत होते. देवमाशांची ती जात नष्ट होण्याच्या मार्गास लागली, तेव्हा १९७० साली अमेरिकेने तिचा समावेश संरक्षित प्राण्यांत करून तिच्या तेलाच्या आयातीस बंदी केली. मग रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनविलेले पर्याय शोधले आणि आजची गिअर-तेले त्यांवरच चालतात. मनुष्याने मनावर घेतले तर हिंसेवाचूनही यंत्र फिरू शकते, याचा हा एक बोलका दाखला होय.

चोर्ल्याचा घाट

आता आमच्या कथेकडे वळतो. सात महिने आम्ही ते तीन सेकंद सोसले. माणसास कशाचीही सवय होते. दांडी टाकावी, मनात तीन मोजावे आणि निघावे, हा चिरंजीवांचा परिपाठच झाला होता. उन्हाळ्यात तर सकाळचा विलंब थोडा कमीही झाला, म्हणून रोग बरा होत आहे असे आम्ही समजलो.

जुलै २०२३ मध्ये साखळीहून परत येताना चोर्ला घाटात झाड पडले होते. मुसळधार पाऊस, पुढे टेंपो, मागे मोटारसायकलवर एक तरुण जोडपे आणि त्यांचे लहान मूल. आमच्या गाडीत मागील बाजूस आमच्या वृद्ध मातोश्री आणि सौभाग्यवती. थांबून बराच वेळ झाला, म्हणून चिरंजीवांनी दांडी न्यूट्रलवर आणून ठेवली होती. रस्ता मोकळा झाला. त्यांनी दांडी ‘डी’वर नेली आणि सवयीने ब्रेकवरील पाय उचलला. गिअर पडला नाही. गाडी उतारावर मागे सरकू लागली. घाबरून त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडले, आणि त्याच क्षणी गिअर धाडकन पडून गाडीने पुढील टेंपोवर झेप घेतली. ब्रेक लागला तेव्हा मध्ये हातभर अंतर उरले होते. मागे वळून पाहतो तो मोटारसायकल रस्त्याच्या कडेला आडवी, तो तरुण तिच्याशेजारी उभा आणि ती बाई मुलास उराशी धरून आमच्याकडे पाहते आहे. कोणास खरचटलेही नाही. पण त्या बाईंची ती नजर आम्ही आजही विसरू शकलेलो नाही. उधारी आमची होती. ती वसूल मात्र तिच्याकडून होणार होती.

मिस्त्रींचे चार प्रश्न

बेळगावास आल्यावर गाडी प्रथम एका मोठ्या वर्कशॉपात नेली. तेथे संगणकाची वायर लावून दहा मिनिटांत निकाल मिळाला की, संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा, खर्च साडेचार लाख रुपये. तेल पाहिले का, असे विचारले तेव्हा, “ते सील असते, पाहता येत नाही,” असे उत्तर आले. माल न उघडता भाव सांगणारा दलाल आणि हे उत्तर, यांत आम्हांस काही फरक वाटला नाही. म्हणून एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून आम्ही उद्यमबागेकडील एका लहान गॅरेजात गेलो. तेथील मिस्त्रींनी बॉनेटला हातही न लावता आधी स्टुलावर बसविले आणि म्हणाले, “अण्णा, आधी चार गोष्टी सांगा. मग गाडी उघडतो.”

पहिला प्रश्न: उशीर पुढच्या गिअरला, मागच्या गिअरला, की दोन्हींना? दोन्हींना असेल तर दोष सामाईक जागी, म्हणजे तेलाची पातळी, गाळणी किंवा पंप यांत असण्याचा संभव अधिक. एकालाच असेल तर त्या गिअरच्या क्लचमध्ये किंवा त्याच्या वाटेत.

दुसरा प्रश्न: गाडी थंड असताना की तापल्यावर? दट्ट्याच्या कडेचे रबरी सील वयाने कडक झाले की थंडीत ते नीट बसत नाही आणि तापल्यावर थोडे नरमते. याउलट पंप झिजला असेल, तर तापून पातळ झालेले तेल फटींतून निसटते आणि त्रास गाडी तापल्यावर वाढतो.

तिसरा प्रश्न: फक्त सकाळच्या पहिल्या वेळी की दिवसभर? रात्रभर उभ्या गाडीच्या कन्व्हर्टरमधील तेल झिरपून खाली उतरले, तर सकाळी ते प्रथम भरावे लागते आणि तेवढा एकच विलंब होतो.

चौथा प्रश्न: फरशीवर डाग पडतो का?

या शेवटच्या प्रश्नास आमच्यावतीने सौभाग्यवतींनीच उत्तर दिले आणि ते चांगले सविस्तर दिले.

मिस्त्रींनी गाडी सपाट जागी उचलून घेतली, तेल ठरलेल्या तपमानास येऊ दिले आणि पातळी पाहण्याचे बूच उघडले. आमच्या गाडीस तेलाची काडी नाही. पण म्हणून पातळी पाहता येत नाही, हे खरे नव्हे. तेल सुमारे दोन लिटर कमी भरले. ते थंड करण्यासाठी पुढे रेडिएटरकडे नेणाऱ्या नळीच्या जोडावरील एक लहानसे सील सुकले होते आणि तेथून महिनोन्‌महिने थेंब थेंब गळत होता. उरलेले तेल काळे पडून त्यास करपल्याचा वास येत होता.

हिशेब

सील बदलले, गाळणी बदलली, कंपनीने सांगितलेल्या जातीचे नवे तेल भरले. पुढचा गिअर लगेच सुधारला. मागचा मात्र दोन सेकंद घेतच राहिला. येथे मिस्त्रींनी आम्हांस खोटी आशा दाखविली नाही. “तेलाने होण्यासारखे होते ते झाले. रिव्हर्सच्या चकत्या उपाशी राहून घासल्यात. उघडावे लागेल,” असे ते म्हणाले. आम्ही संमती दिली. चार दिवसांनी त्यांनी जुने भाग एका तबकात मांडून दाखविले: चकत्यांवरील अस्तर जळून काळे ठिक्कर पडलेले आणि दट्ट्याचे सील लाकडासारखे कडक.

कारण सरळ होते. तेल कमी म्हणून दाब कमी. दाब कमी म्हणून चकत्या घट्ट न आवळता घसरल्या. घसरल्याने उष्णता वाढली. उष्णतेने तेल आणि सील दोन्ही लवकर म्हातारे झाले. आणि म्हणून विलंब आणखी वाढला. चक्रवाढ व्याज ज्यास म्हणतात ते हेच.

एकूण बिल सत्त्याऐंशी हजार रुपये झाले. साडेचार लाखांच्या मानाने ते थोडे म्हणून आम्ही समाधान मानू लागलो, तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले, “डिसेंबरात आला असता तर सील आणि तेल मिळून नऊ-दहा हजारांत भागले असते, अण्णा.” आमच्या लेखी खरी तूट ही, सत्त्याहत्तर हजारांची. आणि चोर्ला घाटात जे थोडक्यात टळले, त्याची रक्कम कोणत्याच वहीत मांडता येणार नाही.

सभासदांस विनंती

या अनुभवातून आम्ही जे शिकलो, ते थोडक्यात असे.

गाडी सुरू केल्यावर पाय ब्रेकवर ठेवावा, दांडी टाकावी आणि गिअर पडल्याचे गाडीच्या अंगातून जाणवल्यावाचून ब्रेक सोडू नये. चढावर तर हा नियम कधीही मोडू नये. गिअर पडण्यास उशीर होत असताना अॅक्सिलरेटर मुळीच दाबू नये. इंजिन वेगात आणि चकत्या अर्धवट आवळलेल्या अशा अवस्थेत त्या जळतात आणि गाडी उसळते. गाडी पूर्ण थांबल्यावाचून मागच्या गिअरमधून पुढच्या गिअरमध्ये जाऊ नये.

तेल जन्मभर टिकते या शब्दावर विसंबू नये. झेड्‌एफ या जर्मन कारखान्याचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जगभरच्या अनेक गाड्यांत बसतात. तो कारखाना स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, किंवा फार तर आठ वर्षे, एवढ्या मुदतीत तेल बदलण्यास सांगतो. घाट, पाऊस आणि शहरातील गर्दी यांत चालणाऱ्या गाडीने ही मुदत लांबविण्यात शहाणपण नाही. जुने तेल काढले की गिअरबॉक्स बसतो, असा एक समज आहे. वस्तुतः ज्या गाडीत चकत्या आधीच जळलेल्या असतात, तीच नंतर बसते. आळ मात्र नव्या तेलावर येतो. गाडीखालच्या तांबड्या डागाकडे दुर्लक्ष करू नये. पण सर्वच कंपन्यांचे तेल तांबडे नसते, हेही ध्यानात असावे.

आपली ऑटोमॅटिक गाडी कोणत्या जातीची आहे, हेही जाणून घ्यावे. वर सांगितले ते टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीविषयी. २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे ए.एम.टी. जातीच्या गाड्या पसरल्या. त्यांत साध्याच गिअरबॉक्सचा क्लच यंत्र दाबते. तेथे किंचित सावकाशी हा स्वभाव असतो, मात्र ती वाढू लागली तर क्लच झिजला असे समजावे. पट्ट्यावर चालणाऱ्या सी.व्ही.टी.चे तेल निराळे आणि दुहेरी क्लचच्या डी.सी.टी.चे निराळे, एकाचे तेल दुसऱ्यात घालणे म्हणजे गिअरबॉक्सास विष देणे होय.

शेवटची विनंती आपल्यांतील त्या बंधूंस, जे मोटारीचे सुटे भाग आणि तेले विकतात. गिऱ्हाईक गाडीचे नाव सांगून तेल मागते. त्यास जात ठाऊक नसते. अशा वेळी ‘हेही चालते’ म्हणून समोरचा डबा पुढे करणे सोपे असते. पण त्या डब्याचा परिणाम दुकानात दिसत नाही, तो कोठेतरी घाटात, पावसात, एखाद्या मोटारसायकलच्या पुढ्यात दिसतो. योग्य जातीचा माल नसेल तर ‘नाही’ म्हणणे हेही व्यापारच आहे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा व्यापार आहे. आमच्या त्या मिस्त्रींकडे आज आमच्या ओळखीच्या अकरा गाड्या जातात. त्यांनी जाहिरात काहीच केली नव्हती, केवळ जुन्या चकत्या तबकात मांडून दाखविल्या होत्या.

आमची गाडी अद्याप चालू आहे. दांडी टाकली की एका सेकंदात गिअर पडतो. रोज सकाळी गाडी निघून गेल्यावर सौभाग्यवती पोर्चमध्ये येतात आणि फरशी पाहतात. फरशी कोरडी असते. पण आता त्यांनी एखाद्या दिवशी ‘डाग आहे’ म्हटले, तर आम्ही वर्तमानपत्र बाजूस ठेवून प्रथम उठतो.